शंकरपट: भंडाऱ्याच्या बैलजोड्या आणि त्या हाकण्याची विद्या

शंकरपट ही पूर्व विदर्भातली बैलजोड्यांची शर्यत. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली हे झाडीपट्टीचे चार जिल्हे म्हणजे तिचे घर. पश्चिमेला अमरावती जिल्ह्यापर्यंत आणि उत्तरेला राज्याची हद्द ओलांडून बालाघाटपर्यंत तिचा पसारा आहे. हलक्या छकड्याला दोन बैल जुंपायचे, छकड्यावर एकच माणूस बसायचा आणि सरळ आखलेल्या पट्टीवरून जोडी सोडायची, एवढाच मामला. बऱ्याच गावी दोन पट्ट्या शेजारीशेजारी असतात आणि दोन जोड्या एकदम सुटतात. काही ठिकाणी एकेक जोडी घड्याळावर पळते. बोलताना सगळे नुसते ‘पट’ म्हणतात आणि जोडी हाकणाऱ्याला धुरकरी. धाव काही सेकंदांत संपते. जोडी बिथरली, छकडा तिरपा गेला किंवा सुटताना एक बैल मागे राहिला, तर ते सावरायला दुसरी संधी नसते.

पटाबद्दल जे लिहिले जाते त्यात एक तर परंपरेचा अभिमान असतो, नाहीतर मुक्या जनावराच्या छळाची तक्रार. दोन्हींना आधार आहे. पण धुरकऱ्याच्या हातात पूर्वी काय होते, त्यातले काय काढून घेतले गेले आणि उरलेल्यावर जोडी कशी हाकायची, हा प्रश्न त्या भांडणात मागे पडतो. पटाच्या इतिहासातला सर्वांत मोठा बदल मात्र तिथेच घडला आहे.

भंडारा हा धानाचा आणि तलावांचा जिल्हा. वैनगंगा आणि तिला येऊन मिळणाऱ्या सूर, बावनथडी, चुलबंद या नद्यांच्या खोऱ्यात गावोगाव तलाव बांधले गेले. त्यांतले कितीतरी कोहळी समाजाच्या लोकांनी बांधले. पाण्याचा उतार ओळखून पाळ घालण्यात या समाजाचा हातखंडा होता. नागपूरचे भोसल्यांचे राज्य १८५४ मध्ये इंग्रजांनी खालसा केले, १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला आणि त्यानंतरच्या जमाबंदीत गावचा सारा भरणाऱ्यांना मालगुजार म्हणून मालकी हक्क मिळाले. तलावही त्यांच्याच नावे लागले. आजही सरकारदरबारी त्यांची नोंद ‘माजी मालगुजारी तलाव’ अशी होते आणि लोक त्यांना ‘मामा तलाव’ म्हणतात. मालगुजाराच्या वाड्यापुढे बांधलेली उमदी जोडी ही त्याच्या ऐपतीची खूण असे, आणि ऐपत नुसती बांधून ठेवायची नसते. ती चारचौघांत पळवून दाखवावी लागते. अनेक गावे आपल्या पटाला शंभर वर्षांची परंपरा सांगतात. ती परंपरा ज्या काळात नेऊन पोचवते तो हाच मालगुजारीचा काळ होय.

पटाचे वेळापत्रक धानाने ठरवून दिले. आषाढ-श्रावणात बांध्यांत चिखलणी आणि रोवणी. या दिवसांत बैल गुडघाभर चिखलात असतो आणि त्याला दम घ्यायला फुरसत नसते. श्रावणी अमावास्येला पोळा झाला की थोडी उसंत. कार्तिकात कापणी, मग खळ्यावर बैलांच्या पायांखाली धानाची मळणी. ती आटोपली की पावसाच्या पाण्यावर शेती करणाऱ्या गावांत जनावराला पुढच्या मृगापर्यंत फारसे काम उरत नसे. संक्रांतीपासून महाशिवरात्रीच्या पुढेमागेपर्यंत पट भरत, ते याच मोकळ्या दिवसांत. जागेचाही प्रश्न होता. धानाच्या बांध्या लहान असतात आणि चहूबाजूंनी बांध असतात. शेदोनशे पावले सरळ पळता येईल अशी पट्टी शेतात सापडत नाही. म्हणून पट बहुधा गावाबाहेरच्या पडीत जमिनीवर किंवा उतार नसलेल्या उंच माळावर आखला जाई. दगडधोंडे वेचायचे, ढेकळे फोडायची, जमीन नांगरून किंवा वखरून मऊ करायची, म्हणजे बैलाच्या खुराला मार लागत नाही. पट्टी तयार करण्याचे काम गावकीने करायचे, हा शिरस्ता होता.

लाखनी आणि साकोली ही गावे नागपूर-रायपूर या जुन्या हमरस्त्यावर आहेत. आगगाडी येण्याआधी या रस्त्याने धान्य, मीठ आणि कापड बैलगाड्यांनीच जात असे. त्यामुळे या भागात गाडी हाकणारे आणि गाडी घडवणारे, दोन्ही मुबलक होते. भाताच्या पेंढ्या वाहणारी बंडी जड, तर पाहुण्यांना नेणारी रेंगी हलकी आणि चपळ. पटाचा छकडा याच हलक्या गाडीला आणखी सोलून काढून तयार झाला. त्यावर साटा नाही, बाजू नाहीत, बसायला जेमतेम फळी. सुताराला लाकूड जवळच्या जंगलातून मिळे: चाकाच्या आऱ्यांना तिवस, कण्याला धावडा, बाकीच्याला साग. चाकावर लोखंडी धाव बसवायची ती तापवून, मग पाणी ओतून आवळायची. हे काम बिघडले तर शर्यतीत चाक सुटायला वेळ लागत नाही. जोडीच्या मालकाइतकाच पटाच्या दिवशी गावचा सुतारही अस्वस्थ असे, त्याचे कारण हेच.

छकडा दोन चाकांचा असल्यामुळे त्याचा सगळा तोल कण्यावर असतो. वर बसलेला माणूस पुढे सरकला की भार दांडीवरून जुवात जातो आणि बैलांच्या मानेवर दाब येतो. तो मागे सरकला की गाडी उलाळते, जू वर उचलले जाते आणि गळ्याखालची जोती घाटीला काचतात. म्हणजे धुरकऱ्याचे पहिले अवजार त्याचे स्वतःचे वजन होय. जोडी झेप घेते त्या क्षणी गाडी उलाळू पाहते, तेव्हा त्याने छातीने पुढे यायचे असते. वेग बसला की कण्याच्या बरोबर वर, जवळजवळ भारहीन बसायचे. थांबवताना उलटे. छकड्याला ब्रेक नसतो. बैलांनी पाय रोवले तरी मागची गाडी वेगातच असते आणि तिचा सगळा रेटा पुढे जुवावर कोसळतो. तिथे मागे झुकायचे, कासरा हळूहळू आवळायचा आणि जोडीला मोकळ्या मैदानात लांब पळू देऊन थांबवायचे. नवखा माणूस पट जिंकण्याच्या आधी पडायला शिकतो, आणि पडतो तो बहुधा या शेवटच्या टप्प्यात, कारण रेषा ओलांडली की आपले काम संपले असे त्याला वाटते.

दुसरे अवजार कासरा. बैलाच्या वेसणीला बांधलेला हा दोर धुरकऱ्याच्या हातात येतो. डाव्या बैलाचा वेगळा, उजव्याचा वेगळा. दोन बैल कधीही अगदी सारखे पळत नाहीत. डावा अर्धे पाऊल पुढे गेला की जू तिरपे होते, दांडी उजवीकडे वळते आणि छकडा उजव्या कडेला ओढला जातो. पट्टी अरुंद, शेजारच्या पट्टीवर दुसरी जोडी, दोन्ही कडांना माणसांची भिंत. अशा वेळी पुढे गेलेल्या बैलाचा कासरा किंचित धरायचा असतो. जास्त ओढला तर बैल मान वाकडी करतो, त्याचे पाऊल तुटते आणि ते परत जुळेपर्यंत पट संपलेला असतो. हा ओढा किती असावा हे सांगून शिकवता येत नाही. दोराच्या ताणातून बैलाच्या मानेची हालचाल हाताला कळावी लागते, आणि ती कळायला तो बैल वर्षभर हाताखाली असावा लागतो.

तिसरे अवजार तुतारी. पश्चिम महाराष्ट्रात जिला पराणी म्हणतात तीच ही काठी, टोकाला लोखंडी आर बसवलेली. नांगरताना, वखरताना ती प्रत्येक शेतकऱ्याच्या हातात असे. पटात धुरकरी एका हातात दोन्ही कासरे आणि दुसऱ्या हातात तुतारी घेऊन बसे. तिचा उपयोग उघड आहे: मागे पडणाऱ्या बैलाला टोचून पुढे काढणे. कुणी चाबूक वापरी, कुणी शेपटी पिरगळी. यात छळ होता हे नाकारण्यात अर्थ नाही. मात्र हाकण्याच्या दृष्टीने तुतारी काय करत होती हेही पाहायला हवे. बैलजोडी विजोड असली तरी तुतारीने ती तेवढ्यापुरती सारखी करता येई. धुरकऱ्याचा कासरा कच्चा असला तरी तुतारीने वेग वाढवून तो दोष झाकता येई. ती हाकणाऱ्याची मदतनीस होती, आणि मदतनीस हाताशी असला की माणूस शिकायचा थोडा थांबतो.

चौथे अवजार आवाज. आरोळी, जिभेचा टकटकाट, बैलाचे नाव घेऊन दिलेली हाक. शेतात बैल याच खुणांवर वळतो आणि थांबतो, त्यामुळे पटातही त्या लागू पडतात. पण हजारोंच्या गलक्यात बैलाने एकाच माणसाचा आवाज ओळखावा यासाठी तो आवाज त्याने गोठ्यात रोज ऐकलेला असावा लागतो. भाड्याने आणलेला नामांकित धुरकरी आणि घरचा पोरगा यांत कोण बरा, हा वाद पटाच्या गावात कधी संपत नाही. भाडोत्री माणसाचा हात सफाईदार असतो, घरच्याची हाक ओळखीची.

जोडी तयार करण्याला वर्षे लागतात. गोऱ्हा दोनदाती व्हायच्या सुमारास त्याला जुवाची सवय लावतात, आणि तीही एकदम दुसऱ्या गोऱ्ह्याबरोबर नाही. अनुभवी बैलाच्या शेजारी जुंपले की नवखा त्याच्या पावलाशी पाऊल जुळवतो. मग तो डाव्या अंगाला बरा की उजव्या, हे पाहतात. एकदा अंग ठरले की सहसा बदलत नाहीत. दम वाढवायला नदीच्या रेतीत चालवणे आणि तलावात पोहवणे हे जुने उपाय आहेत, आणि नदी, रेती व तलाव या तिन्ही गोष्टींची भंडाऱ्यात कमतरता नाही. खुराकात ढेप, चणा, उडीद, कुणाकडे दूध आणि अंडीही. पटाच्या आदल्या आठवड्यात खुराक कमी करायचा की वाढवायचा, यावर प्रत्येक घरचा नियम वेगळा आणि प्रत्येकाचा आपल्या नियमावर ठाम विश्वास.

जातीही ठरलेल्या. वर्धा-नागपूरकडचा पांढरा गौळाऊ हा पळणारा बैल. मराठ्यांच्या फौजेची सामानवाहतूक करणारा म्हणून त्याचा लौकिक आहे. झाडीपट्टीचा स्वतःचा बैल बुटका आणि काटक. त्याला कठाणी म्हणतात. चिखलातल्या धानशेतीला तो उत्तम, खायला कमी मागणारा, पण ऐट आणि वेग यांत गौळाऊच्या मागे. या जातीची देशपातळीवर अधिकृत नोंद झाली ती अगदी अलीकडे, २०२२-२३ च्या सुमारास. ऐपत असलेले शौकीन पश्चिम महाराष्ट्रातून खिल्लारही आणतात.

पट म्हणजे शर्यतीच्या मैदानापुरता मर्यादित सोहळा कधीच नव्हता. झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, दंडार आणि खडी गंमत ही लोकनाट्ये होतात. पट हा त्यानंतरचा, संक्रांतीनंतरचा मेळा. लेकी माहेरी येतात, जावई येतात, सोयरे येतात. लग्नाच्या सोयरिकी इथे जुळतात. गावात प्रत्येक घरी पाहुणे असल्यामुळे त्या रात्री त्यांना रमवायचे कसे हा प्रश्न पडे, आणि त्याचे उत्तर नाटकाने दिले. पटासाठी आलेल्यांना रात्रभर नाटक दाखवण्याच्या या रिवाजातून झाडीपट्टी रंगभूमी फोफावली असे तिचे अभ्यासक आणि कलावंत सांगतात. सुरुवातीला गावचीच मंडळी तोंडाला रंग लावत. पुढे धंदेवाईक मंडळ्या उभ्या राहिल्या आणि गडचिरोली जिल्ह्यातले वडसा, म्हणजे देसाईगंज, त्यांचे केंद्र झाले. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोली आणि दंडार यांच्या अभ्यासाला आयुष्य दिले. २०२३ मध्ये या रंगभूमीवरचे नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली. दिवसा पट आणि रात्री नाटक ही जोड इतकी पक्की होती की पट बंद पडला तेव्हा नाटकवाल्यांनाही आपल्या तारखांची काळजी लागली.

मालगुजारी १९५१ मध्ये गेली. पटाचा यजमान मालगुजार होता. त्याच्या जागी गावची समिती, पुढारी, मंडळे आली. वर्गणी निघू लागली, पत्रके छापली जाऊ लागली, ‘इनामी शंकरपट’ असा शब्द रूढ झाला. पूर्वी मानाचा शेला, नारळ आणि नाव एवढ्यावर भागे. पुढे रोख रकमा आणि मोटारसायकली आल्या. इनाम वाढले तशी चढाओढ वाढली आणि तुतारीचा वापरही वाढला. परंपरेचे अभिमानी हा भाग सहसा गाळतात. पटातला जो कठोरपणा पुढे न्यायालयात गाजला, त्याचा मोठा वाटा जुन्या रिवाजापेक्षा या नव्या पैशातून आला असावा, असे मानायला जागा आहे.

महाराष्ट्रात बैलांच्या शर्यती सगळीकडे एकसारख्या नाहीत, हेही इथे सांगायला हवे. पुणे जिल्ह्यातल्या खेड, जुन्नर, आंबेगावच्या घाटांत चार बैलांचा गाडा चढावर पळतो, पुढे घोडीवरचा स्वार असतो आणि वेळ घड्याळावर मोजतात. हाकण्याच्या कौशल्याचा बहुतेक भाग तिथे बैल जुंपण्यात आणि सोडण्यात असतो. कोकणात समुद्राच्या पुळणीवर गाड्या धावतात. दक्षिण कन्नडमध्ये कंबळा आहे, त्यात चिखलातून रेडे पळतात आणि माणूस त्यांच्यामागे धावतो. शंकरपटात एकच जोडी, एकच माणूस आणि तो गाडीवर बसलेला. कासऱ्याची परीक्षा जितकी पटात होते तितकी यांपैकी कुठेच होत नाही.

कायद्याची गोष्ट १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यापासून सुरू होते, पण पटाला तिची झळ पोचायला पन्नास वर्षे लागली. ११ जुलै २०११ रोजी केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने अधिसूचना काढून, ज्यांना खेळ करून दाखवण्यासाठी शिकवता येणार नाही अशा प्राण्यांच्या यादीत वाघ-सिंहांबरोबर बैलाचेही नाव घातले. तिच्या आधाराने राज्य सरकारने शर्यती थांबवल्या आणि २६ नोव्हेंबर २०१२ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ती बंदी ग्राह्य धरली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात तमिळनाडूच्या जल्लिकट्टूच्या खटल्याबरोबर ऐकले गेले. ७ मे २०१४ रोजी न्या. के. एस. राधाकृष्णन आणि न्या. पिनाकी चंद्र घोष यांनी निकाल दिला: बैलाची शरीररचना घोड्यासारखी पळण्यासाठी नाही, त्याला मारून-टोचून पळवणे ही क्रूरता आहे, आणि महाराष्ट्रातल्या शर्यतीही बेकायदा आहेत. खिळ्यांच्या काठ्या, शेपटी पिरगळणे, विजेचे झटके यांच्या तक्रारी या खटल्यात तपशिलाने आल्या होत्या.

त्यानंतरचा प्रवास वळणावळणांचा आहे. ७ जानेवारी २०१६ रोजी केंद्राने शर्यतींना अटींवर सूट देणारी अधिसूचना काढली. पाचच दिवसांत सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली. २०१७ च्या जानेवारीत चेन्नईच्या मरिना किनाऱ्यावर जल्लिकट्टूसाठी लाखो लोक जमले आणि तमिळनाडूने कायदा बदलला. त्याच वर्षी महाराष्ट्रानेही दुरुस्ती कायदा केला, राष्ट्रपतींची मंजुरी मिळवली आणि नियम बनवले. मात्र उच्च न्यायालयाने शर्यतींना परवानगी देण्यास मनाई केली. २०१८ मध्ये सगळी प्रकरणे घटनापीठाकडे गेली. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्राच्या कायद्यानुसार शर्यती घेण्यास अंतरिम मुभा दिली, आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तमिळनाडू, कर्नाटक व महाराष्ट्र या तिन्ही राज्यांचे कायदे वैध ठरवले. निकालपत्र न्या. अनिरुद्ध बोस यांनी लिहिले.

या नियमांनी पट परत दिला, पण तो जुना नव्हे. जिल्हाधिकाऱ्यांची आगाऊ परवानगी हवी, पन्नास हजार रुपयांची अनामत हवी, पशुवैद्यकाने बैल तपासलेला हवा, धावपट्टी १००० मीटरपेक्षा लांब नको. उल्लंघन झाल्यास पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद. शंकरपटाची पट्टी मुळात १००० मीटरच्या जवळपासही जात नाही, त्यामुळे ती अट इथे कुणाला टोचली नाही. टोचली ती दुसरी: गाडीवानाच्या हातात काठी, चाबूक किंवा इजा करणारे कोणतेही साधन असता कामा नये. म्हणजे तुतारी गेली.

तुतारी गेल्यावर काय झाले ते जुवाच्या गणिताने समजते. पूर्वी धुरकरी मागच्या बैलाचा वेग वाढवू शके आणि पुढच्याचा कमी करू शके. आता त्याला फक्त कमी करता येते. कासरा वेग काढून घेतो, देत नाही. जोडीतला एक बैल उणा असेल तर दुसऱ्याला त्याच्या पातळीवर आणण्यापलीकडे इलाज नाही, आणि तसे केले की पट हातचा जातो. त्यामुळे जोडी जुळवण्याचे महत्त्व एकदम वाढले. उंची, अंगकाठी, पावलाची लांबी, इतकेच काय स्वभावही जुळावा लागतो. एक बुजरा आणि एक तापट अशी जोडी तुतारीच्या जमान्यात खपून जाई, ती आता खपत नाही. सुटण्याच्या क्षणालाही नवे मोल आले. पुढून वेसण धरून उभे असलेले सोबती दोन्ही बैल एकाच क्षणी सोडतात की नाही यावर पहिली दहा पावले अवलंबून असतात, आणि तिथे झालेली चूक नंतर टोचून भरून काढता येत नाही. धुरकऱ्याचा एक हात मोकळा झाला, म्हणून आता दोन हातांत दोन कासरे वेगळे धरता येतात. जुन्या लोकांना हे बावळटासारखे दिसते, पण पट्टीच्या मधोमध जोडी ठेवायला ते अधिक नेमके आहे.

मोटारींच्या जगात असाच प्रसंग घडून गेला आहे. फॉर्म्युला वन शर्यतींत १९९४ च्या हंगामापासून चाक घसरू न देणारी आणि ब्रेक अडकू न देणारी इलेक्ट्रॉनिक साधने बंद झाली. घसरण रोखणारे साधन २००१ मध्ये परत आले आणि २००८ पासून पुन्हा गेले. मोबाइलवर किंवा संगणकावर रेसिंगचा गेम खेळणारी साकोलीची मुलेही तो अनुभव घेऊ शकतात: सेटिंगमधली मदत बंद केली की पहिल्याच वळणावर गाडी गरकन फिरते, आणि मग कळते की वेगाची चावी दाबण्यापेक्षा ती सोडण्याची वेळ साधणे अवघड आहे. बिनतुतारीच्या धुरकऱ्याचा धडा तोच आहे. फरक इतकाच की गेममध्ये तीच चूक शंभरदा करून पाहता येते. बैल एकदा घाबरला तर तो पट्टीवर पाय टाकायला महिनाभर कांकूं करतो.

२०१४ च्या निकालापासून २०२१ पर्यंतच्या बंदीने एक वेगळेच नुकसान केले. बैलाचे पळण्याचे उमेदीचे वय सात-आठ वर्षांहून जास्त नसते. बंदी लागली तेव्हा भरात असलेल्या जोड्या ती उठेपर्यंत म्हाताऱ्या झाल्या होत्या, किंवा विकल्या गेल्या होत्या. नवख्या गोऱ्ह्याला ज्याच्या शेजारी जुंपायचे तो अनुभवी बैलच उरला नाही. माणसांचेही तसेच. बंदीआधी दहा वर्षांचा असलेला मुलगा ती उठली तेव्हा जाणता झाला होता, पण ज्या वयात हात बसतो ते वय पटावाचून गेले. परवानगी मिळाल्यानंतरच्या पहिल्या हंगामांत जिथे पट झाले तिथे जुनी माणसे गोठ्यातून बोलावून आणावी लागली, शिकवायला.

आज पटाला कायद्यापेक्षा शेती जास्त अडवते. पवनी तालुक्यात वैनगंगेवर गोसीखुर्द धरणाची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजी झाली. त्या आणि इतर प्रकल्पांचे पाणी जिथे पोचले तिथे उन्हाळी धान आले आणि पौष-माघाचे मोकळे दिवस संपले. चिखलणी ट्रॅक्टर करतो, मळणी यंत्र करते. गोठ्यातला बैल कमी झाला आणि जो राहिला तो बहुधा एकाच कामासाठी: काही जण शेतीसाठी जोडी ठेवतात, काही जण फक्त पटासाठी. पूर्वी हे दोन बैल एकच असत. शेतात रोज हाकला जाणारा बैल धुरकऱ्याची हाक आणि कासऱ्याची भाषा कामातच शिकत असे. पटासाठीच पोसलेल्या बैलाला तीच गोष्ट सरावासाठी वेळ काढून शिकवावी लागते. म्हणून काही आयोजक गावच्या साध्या जोड्यांसाठी वेगळा गट ठेवतात, ज्यात नामांकित जोड्यांना प्रवेश नसतो. अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरच्या पटात बायका स्वतः जोडी हाकतात, त्यांचा वेगळा दिवस असतो. भंडाऱ्यातल्या पटांतही सरावाच्या मैदानावर कासरा धरलेल्या मुली दिसू लागल्या, तर त्यात नवल नाही. तुतारी चालवायला लागणारे मनगटाचे बळ आता गुणांत धरले जात नाही, आणि हलके वजन छकड्याला उपयोगीच पडते.